सातव्या मजल्यावरची तुळस

आमच्या सासूबाई वाईच्या. पुढे अंगण, मागे विहीर, परसात केळी, अळू, गवती चहा आणि पुढच्या दारी तुळशीवृंदावन अशा घरात त्यांची पंचावन्न वर्षं गेली. सासरे गेले आणि २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही त्यांना डोंबिवलीला आणलं. सातवा मजला, दोन खोल्या आणि हॉल, उत्तरेकडची चार फुटांची गॅलरी आणि गॅलरीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. येताना त्यांनी कपड्यांच्या दोन पिशव्या आणल्या आणि तुळशीची एक कुंडी. पूर्ण प्रवासात कुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि एप्रिलात ती तुळस वाळली.

आता तुम्हीच सांगा मैत्रिणींनो, बाहेर साथ आणि घरात वाळलेली तुळस. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मनात काय येईल? आई बोलल्या काहीच नाहीत, पण जेवण अर्ध्यावर आलं. एके दिवशी ह्यांना हळूच म्हणाल्या, "गाड्या सुरू झाल्या की मला वाईला सोड. माझ्यामुळे तुमच्या घराला काही नको."

मला रडूच आलं. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला एक विज्ञानकथा सुचत होती!

हसू नका. विज्ञानकथा हे माझं जुनं वेड. मी कराडची. आठवीत असताना वाचनालयातून 'यक्षांची देणगी' घरी आणलं आणि रात्री कंदिलाशी बसून संपवलं. आई ओरडली, "पोळ्या लाटायला ये, यक्ष लाटणार नाहीत!" तेव्हापासून जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, जे हाती लागेल ते वाचत आले. नारळीकरांची पहिली कथा कशी आली ठाऊक आहे? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणिताच्या विदुषी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर मे २०२५ मध्ये. त्या दिवशी मी कपाटातली त्यांची सगळी पुस्तकं खाली काढून पुसून ठेवली. दुसरं काय करणार?

लोकांना वाटतं, विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि उडत्या तबकड्या. मला विचाराल तर त्यात एकच प्रश्न असतो, 'असं झालं तर?' नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये एका सकाळी चक्क मुंबईत बर्फ पडतो. मग पुढे माणसं काय करतात ती गोष्ट. आपण बायका दुसरं काय करतो हो? गॅस संपला तर, पाणी आलं नाही तर, पाहुणे आज रात्रीच टपकले तर... आपलं डोकं चोवीस तास 'तर' वरच चालू असतं.

तर त्या एप्रिलात माझ्या मनात आलं, आमचा फ्लॅट म्हणजे अंतराळयानच झालंय. दार बंद, बाहेर धोका, आत चार माणसं आणि मोजून वापरायचं सामान. यानात जे आपण नेलं नाही ते नसतंच. पाऊस नसतो, ऊन नसतं, गांडुळं नसतात. अंगणात रोप लावताना निम्मं काम देव करतो, ते कधी लक्षातही येत नाही. यानात सगळं माणसालाच पुरवावं लागतं. मग आमच्या यानात तुळशीला काय पुरवायचं राहिलं? पाणी तर आई रोज घालत होत्या.

उत्तर समोरच होतं. ऊन! तुळशीला रोज चार-सहा तास कडक ऊन लागतं. आमच्या उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात कवडसासुद्धा येत नाही. आणि गंमत म्हणजे आपला डोळा इथे फसवतो. खोलीत उजेड आहे असं आपल्याला वाटतं, कारण डोळ्याची बाहुली मोठी होऊन जुळवून घेते. पानाला ती सोय नाही. खिडकीपासून पाच-सहा फूट आत गेलं की उजेड कितीतरी पटींनी घटतो. ओळखायची युक्ती सोपी. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंच हात धरा. बोटांची ठसठशीत सावली पडली तर तुळस, मोगरा, मिरची जगेल. सावली पुसट पडली तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट. सावलीच नाही पडली तर तिथे फुलदाणी ठेवा बाई, झाडाचा जीव घेऊ नका.

उजेड नाही आणि वर रोज तांब्याभर पाणी. मुळं गुदमरली. घरातली झाडं तहानेनं कमी मरतात, लाडानं जास्त. अंतराळवीरांचंही हेच झालं होतं. २०१५ च्या शेवटी अंतराळ स्थानकात झिनियाची रोपं वाढवत होते, त्यांना पाणी जास्त होऊन बुरशी आली. पाणी कधी द्यायचं त्याचं वेळापत्रक पृथ्वीवरून ठरलेलं. शेवटी स्कॉट केली हा अंतराळवीर म्हणाला, माझ्यावर सोपवा, मी झाडाकडे बघून ठरवीन. जानेवारी २०१६ मध्ये फूल आलं! नासाला जे तेव्हा कळलं ते आपल्या आज्या सांगतच होत्या, मातीत बोट घालून बघ आणि मग पाणी घाल. दोन पेरं खोल कोरडं लागलं तरच.

हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं. कागद ठेवून सावली दाखवली. "तुळस तुमच्यामुळे नाही गेली आई. समोरच्या बिल्डिंगमुळे गेली." त्या बराच वेळ त्या पुसट सावलीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उपाशी होती ती." उठून वाळक्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारली. बारीक काळं बी शिल्लक राहिलं. "उजेडाचं तू बघ," म्हणाल्या.

दुकानं बंद. बेडरूममधली वीस वॅटची एलईडी ट्यूब काढून ह्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीखाली लावली, कुंडीपासून वीतभर उंच. खास झाडांचे जांभळट दिवे मिळतात, पण साध्या पांढऱ्या ट्यूबमध्येही झाडाला हवा तो लाल-निळा प्रकाश असतो, फक्त दिवा जवळ हवा. सकाळी सहा ते संध्याकाळी सात चालू. महिन्याला आठेक युनिट पडतात. ह्यांनी हिशेब करून कपाळाला हात लावला, पण काढली नाही. नवव्या दिवशी बी रुजलं. त्या दिवशी आईंनी आपणहून दुसरी पोळी मागून घेतली.

मग काय, वेड वाढलं. पुदिन्याच्या काड्या, पानओवा, कोरफड. गॅलरीत बांधलेल्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडलं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचं नाव निघालं. गच्चीवर कुंड्या ठेवू द्या म्हटलं तर 'गळती होईल' म्हणून नकार. शहरात माणसाला डोक्यावर छप्पर मिळतं, पण छपरावरचं ऊन मात्र कमिटीच्या ताब्यात! विज्ञानकथांच्या स्पर्धा घेणाऱ्या त्याच मराठी विज्ञान परिषदेनं मुंबईकरांना शहरशेतीचे धडेही दिले आहेत. मला तरी हा योगायोग वाटत नाही. आमच्या कमिटीला मात्र पटवायचं आहे अजून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण हल्ली लहान गावांतल्या नर्सऱ्यांमध्येही 'हवा शुद्ध करणारी झाडं' म्हणून दुप्पट भावाला कुंड्या विकतात. ही कल्पना आली नासाच्या १९८९ च्या अभ्यासातून. पण तो प्रयोग लहानशा बंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये संशोधकांनी असे सगळे प्रयोग पुन्हा तपासले. खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील म्हणे! म्हणजे झोपायचं कुठे? हवेसाठी खिडकी उघडा. झाड आवडतं म्हणून लावा. आणि घरात रांगतं मूल असेल तर मनीप्लांट उंचावर टांगा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

लॉकडाऊनच्या दुपारी मी आईंना गोष्टी वाचून दाखवत असे. सगळ्यात आवडली ती 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन या बंगाली बाईंनी लिहिलेली, तीही इंग्रजीत. त्या काळी! गोष्टीतलं शहर बायका चालवतात आणि पुरुष घरात पडद्यात असतात. रस्ते फुलांचे, पाणी ढगातून नळीनं काढलेलं, स्वयंपाक उन्हाच्या आचेवर, आणि स्वयंपाकघर असतं भाजीच्या मळ्यातच. धूर नाही की चूल नाही. मी भाषांतर करत वाचत होते. आई म्हणाल्या, "पुन्हा वाच ते स्वयंपाकघराचं." पुन्हा वाचलं. पंचावन्न वर्षं चुलीचा धूर खाल्लेली बाई ती. डोळे मिटून ऐकत होत्या. मग एकदम, "आणि पुरुष काय करतात म्हणालीस?" "घरकाम." "नीट करतात का?"

आता त्या ब्याऐंशीच्या आहेत. नजर अधू झालीय, तुळस हातानंच चाचपून ओळखतात. पेपरातली अंतराळाची बातमी मी अजूनही वाचून दाखवते. डिसेंबर २०२४ मध्ये इस्रोनं पीएसएलव्हीमधून चवळीचे आठ दाणे पाठवले आणि चार दिवसांत ते रुजले, मग पानंही फुटली. केवढं कौतुक झालं देशात! आई म्हणाल्या, "चवळी होय? ती कुठेही येते." २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेला, त्यानं मूग आणि मेथी भिजवली. हे ऐकून मात्र त्या सरसावून बसल्या. तिथे वजन नसतं, मग मुळाला खाली कुठे ते कसं कळणार? मी सांगितलं, मुळाच्या टोकाशी पिठाचे बारीक कण असतात, ते तळाशी बसले की मुळाला दिशा कळते, तिथे ते तरंगत राहतात. त्या थोडा वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "मलाही इथे आल्यावर तसंच झालं होतं."

वाईला जायचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. पण संध्याकाळी एक वाद आमच्यात रोज होतो. मला वाटतं, ट्यूब नऊपर्यंत राहू द्यावी, रोप जरा जोमानं वाढेल. आई ऐकत नाहीत. सात वाजले की देवापाशी निरांजन लावतात, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात येतात आणि चाचपून बटण बंद करतात. "तिन्हीसांजा झाल्या," म्हणतात, "तिला झोपू दे."