दृष्टिपटलाची हाक

डोळ्याच्या आत मागील बाजूस एक नाजूक पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तरी त्यात कोट्यवधी पेशी दाटीने वसलेल्या असतात. प्रकाश पडताच त्या संदेश निर्माण करतात आणि मज्जापेशी तो मेंदूकडे पोहोचवितात. या अखंड श्रमासाठी त्यांना फार प्राणवायू लागतो. तो रक्तवाहिन्यांतून मिळतो.

गर्भावस्थेत मात्र आरंभी दृष्टिपटलात एकही रक्तवाहिनी नसते. सुमारे चौथ्या महिन्यात मध्यभागाजवळ वाहिन्यांना अंकुर फुटतात, आणि पसरत पसरत त्या नवव्या महिन्याच्या सुमारास कडेपर्यंत पोहोचतात. त्यांना वाट कोण दाखवितो?

शेतात ज्या वाफ्याला पाणी कमी पडते, तिकडे शेतकरी पाट वळवितो. दृष्टिपटलात असा शेतकरी नाही. तेथे तहानलेला वाफाच पाटाला हाक मारतो. मज्जापेशींचे काम वाढले, की प्राणवायू अपुरा पडतो. मग त्यांच्या शेजारच्या साहाय्यक पेशी एक प्रथिन सोडतात. ते जिकडे अधिक असेल, तिकडे वाहिनीचे टोक वाढत जाते. प्राणवायू पुरेसा झाला, की हे प्रथिन कमी होते. असे काही द्रव्य असावे, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली केला होता. पुढे ते सापडले. त्याचे नाव 'व्हीईजीएफ'.

मज्जापेशींच्या आपसांतील संदेशांचाही या वाढीशी संबंध आहे. हे संदेश ग्लुटामेट नावाच्या द्रव्याद्वारे जातात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या उंदरांच्या दृष्टिपटलात हे द्रव्य सुटत नव्हते, त्यांच्या खोल थरातील वाहिन्या मंद गतीने वाढल्या. जेथे ते अधिक सुटत होते, तेथे त्या लवकर वाढल्या.

ही हाक बिघडली तर काय होते, याचा कटू अनुभव १९४० नंतरच्या काळात आला. अकाली जन्मलेल्या बालकांना जगविण्यासाठी काचेच्या पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू दिला जाई. बालके जगली, पण त्यांपैकी हजारो अंध झाली. १९५१ साली मेलबर्न येथील डॉ. केट कॅम्पबेल यांनी अतिरिक्त प्राणवायूवर संशय घेतला, आणि लवकरच अमेरिकेतील पाहणीने तो खरा ठरविला. विपुल प्राणवायूमुळे हाक थांबे व वाहिन्यांची वाढ खुंटे. पुढे मज्जापेशींची गरज वाढली, की हाक एकाएकी प्रबळ होई. मग वाहिन्या सैरावैरा वाढत, आणि त्यांच्या ताणाने दृष्टिपटल जागेवरून सुटे.

प्राणवायू फार कमी करणेही बालकाच्या जिवावर बेतते. म्हणून आता तो मोजूनमापून देतात. अशा बालकांचे डोळे जन्मानंतर काही आठवड्यांतच तपासतात. दोष आढळल्यास लेसर किरणांनी, किंवा व्हीईजीएफला आवर घालणाऱ्या औषधाने उपचार करतात. वेळीच केलेल्या या तपासणीमुळे अनेक बालकांची दृष्टी आज वाचत आहे.