एकेरी तिकीट

पॅरिसच्या पश्चिमेला गांबे नावाचं एक छोटं गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे जायचं तर उदांपर्यंत आगगाडी आणि पुढे मिळेल ते वाहन. या गावात घर भाड्याने घेतलेल्या एका दाढीवाल्या गृहस्थाला पै न् पैचा खर्च टिपून ठेवायची सवय होती. त्याच्या वहीत गांबेच्या फेऱ्यांचा खर्चही आहे. प्रत्येक फेरीला दोन तिकिटं. स्वतःसाठी जाण्यायेण्याचं आणि बरोबरच्या बाईसाठी फक्त जाण्याचं. पुढे सरकारी वकिलांनी हीच वही ज्युरीपुढे ठेवली. प्रेतं सापडलेली नव्हती, खून करताना कुणी पाहिलेलं नव्हतं, आरोपी काही कबूल करत नव्हता. पण बाईला परत यायचं नाही हे त्याला तिकीट काढतानाच ठाऊक होतं, एवढं त्या नोंदींवरून दिसत होतं.

हा गृहस्थ म्हणजे आंरी देझिरे लांद्रू. त्याच्यावर फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोल यांनी १९६३ साली ‘लांद्रू’ हा चित्रपट काढला. लग्नाची आमिषं, फसवणूक आणि खून यांवरचा हा काळा विनोद आहे. तो पाहताना माणूस हसतो. आपण नेमके कशाला हसलो हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर शोधायचं तर आधी मूळ प्रकरणात शिरावं लागतं.

लांद्रूचा जन्म १२ एप्रिल १८६९ चा, पॅरिसमधला. घर साधं, धार्मिक. लहानपणी तो चर्चमध्ये सेवेकरी होता. मारी-कातरीन रेमी या नात्यातल्या मुलीशी त्याने लग्न केलं, चार मुलं झाली. त्याने मोटारसायकल बनवण्याची एक योजना काढली, लोकांकडून पैसे घेतले आणि पळ काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फसवणुकीबद्दल त्याच्या तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. १९१२ साली त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. जुलै १९१४ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला शिक्षा झाली. चार वर्षं कैद आणि त्यानंतर समुद्रापलीकडच्या वसाहतीत कायमची रवानगी. म्हणजे तो फरारी होता. पुढच्याच महिन्यात युद्ध पेटलं, पोलिसांचं लक्ष दुसरीकडे गेलं आणि लांद्रू नवी नावं घेऊन पॅरिसमध्ये राजरोस वावरू लागला. दिआर, फ्रेमिए, द्यूपों, गिये. जितक्या बायका, जवळजवळ तितकी नावं.

वृत्तपत्रातल्या त्याच्या जाहिरातींचा मजकूर अगदी साधा असे. मध्यमवयीन गृहस्थ, एकटा, स्वतःचं बिऱ्हाड, बरं उत्पन्न, अनुरूप वयाच्या आणि परिस्थितीच्या स्त्रीशी विवाहेच्छू. रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिराती वाचत आलेल्या आपल्याला यात काही वावगं दिसणार नाही. त्या बायकांनाही दिसलं नाही. आलेली पत्रं तो वर्गवारी करून ठेवत असे. पैसा नाही, पैसा असावा, चौकशी करायची आहे, उत्तर देण्यात अर्थ नाही. त्याच्याशी संबंध आलेल्या २८३ स्त्रिया पोलिसांच्या हिशेबात आल्या. बहुतेक वाचल्या, कारण त्यांच्याकडे घेण्यासारखं काही नव्हतं किंवा त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

लांद्रूला ‘बायकांना भुरळ पाडणारा’ म्हणायची पद्धत आहे. त्याचे डोळे, त्याची काळी दाढी, त्याची अदब यांवर तेव्हाच्या पत्रकारांनी रकाने भरले. मला हे सगळं मूळ गोष्टीवर पांघरूण घालणारं वाटतं. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक त्या युद्धात गेले आणि सहा लाखांच्या आसपास स्त्रिया विधवा झाल्या. चाळिशी-पन्नाशीतल्या, शिवणकामावर किंवा थोड्याशा पुंजीवर जगणाऱ्या एकट्या बाईला कुणी वेळेवर पत्राचं उत्तर दिलं, बागेत फिरायला नेलं, तिच्या घरच्या सामानाची आपुलकीने चौकशी केली, तर तिने विश्वास टाकणं स्वाभाविक होतं. सामानाची चौकशी तर तो मनापासून करत असे. जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री हाच त्याचा दाखवायचा धंदा होता. बाई नाहीशी झाली की तिच्या घरातल्या खुर्च्या, कपाटं, गाद्या त्याच्या गोदामात येत. ते उचलायला त्याची मुलं मदत करत. वडील आपला धंदा करताहेत एवढंच त्यांना ठाऊक.

ज्या दहा स्त्रियांच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली त्यांतली पहिली जान क्यूशे, शिवणकाम करणारी विधवा. ती आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा आंद्रे १९१५ च्या सुरुवातीला वेर्नुये इथल्या घरातून नाहीसे झाले. शेवटची मारी-तेरेज मार्शादिए, जानेवारी १९१९. ती आपली कुत्री घेऊन गांबेला गेली. कुत्री पुढे बागेत पुरलेली सापडली. मधल्या नावांत आंद्रे बाबले ही एकोणीस वर्षांची मोलकरीण आहे. तिच्यापाशी पैसा नव्हता, फर्निचर नव्हतं. लांद्रूच्या जमाखर्चात तिचा खून कुठेच बसत नाही आणि म्हणून तो मला सर्वांत भयंकर वाटतो.

या माणसाला पकडून दिलं ते दोन कुटुंबांच्या चिकाटीने. आना कोलोंब आणि सेलेस्तिन ब्यूइसाँ या दोघींच्या नातेवाइकांनी गांबेच्या महापौरांना स्वतंत्रपणे पत्रं लिहिली. एकीने विचारलं, फ्रेमिए नावाच्या गृहस्थाबरोबर माझी बहीण आली होती, तिचा पत्ता लागत नाही. दुसरीकडून विचारणा आली ती द्यूपों नावाच्या गृहस्थाबद्दल. घर मात्र एकच होतं. महापौरांनी या दोन्ही कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून दिली. पोलिसांना चार वर्षांत न दिसलेली साखळी अशी घरातल्या बायकांनी जोडली. सेलेस्तिनच्या बहिणीने बहिणीच्या या ‘होणाऱ्या नवऱ्याला’ पूर्वी पाहिलं होतं. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात तो तिला दिसला. दुकानात त्याने सोडलेल्या पत्त्यावरून इन्स्पेक्टर बेलॅं यांनी त्याला रोशशुआर रस्त्यावरच्या घरात अटक केली. तारीख १२ एप्रिल, त्याचा पन्नासावा वाढदिवस. घरात त्याच्याबरोबर तरुण गायिका फेर्नांद सेग्रे होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आता शाब्रोल. १९५८ साली ‘ल बो सेर्ज’ काढून ज्यांनी फ्रेंच ‘नव्या लाटे’ची सुरुवात केली त्या शाब्रोल यांना १९६० नंतर अपयशामागून अपयश येत होतं. निर्माते जॉर्ज द बोरगार आणि कार्लो पाँती यांच्या पाठबळावर त्यांनी हा चित्रपट हाती घेतला. पटकथा-संवाद लिहिले फ्रान्स्वाज सागाँ यांनी. अठराव्या वर्षी ‘बोंजूर त्रिस्तेस’ लिहून गाजलेल्या या लेखिकेचं कसब म्हणजे माणसं अत्यंत सभ्य भाषेत एकमेकांशी किती निर्दयपणे वागतात हे दाखवणं. लांद्रूला अशीच लेखिका हवी होती. चित्रपटातला लांद्रू एकदाही आवाज चढवत नाही. तो खुर्ची पुढे करतो, हाताचं चुंबन घेतो, हवापाण्यावर बोलतो आणि बोलता बोलता बाईची बँकेतली ठेव किती ते काढून घेतो.

शार्ल देनेर या रंगभूमीवरच्या नटाला शाब्रोल यांनी ही मध्यवर्ती भूमिका दिली, हा या चित्रपटातला सर्वांत मोलाचा निर्णय. देनेर पोलंडमध्ये जन्मलेले, ज्यू कुटुंबातले, लहानपणी फ्रान्सला आलेले. दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीत लढलेले. जाँ व्हिलार यांच्या नाट्यसंस्थेत त्यांनी उमेदवारी केली. डोक्याचं टक्कल, जाड भुवया, रेखीव दाढी आणि खर्जातला आवाज अशा रूपात ते येतात. त्यांच्या हालचाली कळसूत्री बाहुलीसारख्या नेमक्या आहेत. हा माणूस मोहक आहे असं आपल्याला कधीच वाटत नाही. समोरच्या बाईला तो मोहक वाटतोय एवढं मात्र स्पष्ट दिसतं. विनोद जन्मतो तो या अंतरातून.

खून पडद्यावर दिसत नाहीत. बाईचा चेहरा जवळून दिसतो, चित्र जागच्या जागी थिजतं आणि मग गांबेच्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो. पहिल्या वेळी आपण दचकतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी चेहरा थिजला की काय होणार हे आपल्याला कळलेलं असतं आणि थिएटरात हशा पिकतो. शाब्रोल यांनी इथे प्रेक्षकालाही त्या वहीची सवय लावली आहे. आणखी एक बाई, आणखी एक नोंद. एरिक रोमेर यांच्यासह १९५७ साली हिचकॉकवर पुस्तक लिहिणाऱ्या या दिग्दर्शकाला प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेण्याची कला पुरती अवगत होती.

पात्रनिवडीतही तोच डाव आहे. बळी पडणाऱ्या बायकांच्या भूमिकांत दानिएल दारिए आणि मिशेल मॉर्गां आहेत. दोघी १९३० च्या दशकापासून फ्रेंच प्रेक्षकांच्या लाडक्या. एवढी मोठी नटी आली म्हणजे चित्रपटभर राहणार या भरवशाने आपण बसतो आणि काही मिनिटांत तिचा धूर होतो. जाँ राबिए यांचं छायाचित्रण रंगीत, जवळजवळ सजवलेलं आहे. खोल्या, टोप्या, पडदे, सगळं देखणं. त्या रंगांमध्ये मधूनच युद्धाच्या जुन्या कृष्णधवल चित्रफिती येतात. खंदक, तोफा, चिखलातली माणसं. शाब्रोल यांनी यावर कुठलंही भाष्य केलेलं नाही, आणि ते बरं केलं. सरकारी वही आणि लांद्रूची वही शेजारी शेजारी उघडल्यावर बोलायला काही उरत नाही.

युद्धाचा हा धागा एका विलक्षण प्रसंगात पुढे येतो. पंतप्रधान क्लेमांसो आणि त्यांचे सहायक जॉर्ज मांदेल यांना शांतता-वाटाघाटींवरून लोकांचं लक्ष हटवायचं आहे आणि लांद्रूचं प्रकरण त्यांच्या पथ्यावर पडतं. लांद्रू पकडला गेला तेव्हा पॅरिसमध्ये व्हर्साय तहाची बोलणी चाललेली होती, त्यामुळे असा संशय त्या काळातही लोक बोलून दाखवत. गंमत म्हणजे क्लेमांसोच्या भूमिकेत कादंबरीकार रेमों केनो आहेत आणि मांदेलच्या भूमिकेत दिग्दर्शक जाँ-पिएर मेलव्हिल.

याच विषयावर चार्ली चॅप्लिन यांनी १९४७ साली ‘मस्यू व्हर्दू’ केला होता. मूळ कल्पना ऑर्सन वेल्स यांची. चॅप्लिननी ती पाच हजार डॉलरला विकत घेतली आणि श्रेयनामावलीत तशी नोंदही केली. चॅप्लिनचा व्हर्दू हा नोकरी गेलेला बँक कारकून, घरी अपंग बायको आणि लहान मूल. शेवटी तो कोर्टात बोलतो की युद्धात लाखो मारणारे मोठे ठरतात, त्यांच्यापुढे मी नवशिका. अमेरिकेत तेव्हा हे फारसं कुणाला रुचलं नाही. मला त्या भाषणाचं धाडस मान्य आहे, पण त्याने खुन्याच्या हाती एक तत्त्वज्ञान येतं. शाब्रोल यांच्या लांद्रूलाही घर चालवायचं आहे, बायकोमुलांना पोसायचं आहे. तरी त्याच्या तोंडी असं समर्थन येत नाही. तो शेवटपर्यंत एक शिष्टाचारी, हिशेबी, आतून रिकामा माणूस राहतो. म्हणून मला शाब्रोल यांचा चित्रपट अधिक प्रामाणिक वाटतो.

प्रत्यक्ष खटला ७ नोव्हेंबर १९२१ ला व्हर्सायला सुरू झाला. बचावाला व्हँसाँ द मोरो-जाफेरी हे नामांकित वकील. लेखिका कोलेत वार्तांकनाला हजर, नाटकसिनेमातली मंडळी प्रेक्षकांत. जागा अपुरी पडली तेव्हा आरोपीनेच एका बाईला आपली जागा देऊ केली, हा किस्सा फ्रान्समध्ये आजही सांगितला जातो. कोर्टात लोक हसत होते. समोर पुरावा म्हणून गांबेच्या घरातली चूल होती आणि राखेतून वेचलेले हाडांचे तुकडे. ३० नोव्हेंबरला तो दोषी ठरला, २५ फेब्रुवारी १९२२ ला पहाटे व्हर्सायला गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला. पुढे त्याच्या चुलीचाही लिलाव झाला. चित्रपटातला खटल्याचा भाग लांबला आहे आणि तिथे शाब्रोल यांची पकड सैल होते; लांद्रूच्या हजरजबाबी उत्तरांवर दिग्दर्शक स्वतःच थोडा भाळलेला दिसतो.

तरीही माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चित्रपटात फेर्नांद सेग्रेची भूमिका स्तेफान ओद्रां यांनी केली आहे, फार गोड केली आहे. या बाईला लांद्रूने मारलं नाही. खटल्यानंतर तिने आठवणी लिहिल्या, मग फ्रान्स सोडून लेबनॉनमध्ये मुलं सांभाळण्याचं काम करत अनेक वर्षं काढली. ती हयात नसावी असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. खरं नाव वापरताना तिला कुणी विचारलं नाही. चित्रपट आल्यावर ती पुढे आली आणि तिने नुकसानभरपाईचा दावा लावला. मागितली त्याहून बरीच कमी, पण भरपाई तिला मिळाली. ज्या ओळखीपासून ती अनेक वर्षं लांब राहिली, ती ओळख मात्र पुन्हा चव्हाट्यावर आली. १९६८ साली तिने आत्महत्या केली.

‘लांद्रू’ हा मी शाब्रोल यांच्या उत्तम चित्रपटांत धरतो आणि तो पाहावा असं वाचकांना आग्रहाने सांगतो. एका लेखिकेचे संवाद, एका नटाचा चेहरा आणि युद्धाच्या जुन्या फिती एवढ्या सामग्रीतून लग्नाच्या नावाखाली चालणाऱ्या व्यवहाराचं इतकं थंड, अचूक चित्र पडद्यावर क्वचितच आलं असेल. पण जिवंत बाईचं नाव तिला न विचारता वापरणं चूक होतं, आणि कोर्टाने फेर्नांद सेग्रेच्या बाजूने दिलेला निकाल योग्य होता.