खोक्यावर नसलेली विमानं

१ मे १९८१ रोजी जालना औरंगाबादपासून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला मोंढा आला, बियाण्यांच्या कंपन्या आल्या, पुढे सळईचे कारखाने वाढले. विमानतळ मात्र साठेक किलोमीटरवर, औरंगाबादजवळच्या चिकलठाण्यालाच राहिला. जालन्याच्या माणसाला विमान दिसायचं ते औरंगाबादला जाता-येता एसटीच्या खिडकीतून, नाहीतर आभाळात रेघ ओढत जाताना. अशा गावात विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जोडायचं आणि रंगवायचं वेड काही जणांना लागलं आणि चाळीसेक वर्षं टिकलं. या छंदाला इथे दुकान कधीच मिळालं नाही, त्याला मिळाले ते कारागीर. मागे वळून पाहताना हीच गोष्ट सगळ्यात आधी आठवते.

खेड्यातल्या पोरांची सुरुवात किटने होतच नव्हती. ज्वारी काढून झाली की कडब्याचे धांडे हाताशी असायचे. धांड्याची साल सोलली की आत पांढरं, हलकं भेंड. सालीच्या चिवट पट्ट्या भेंडात खोचून बैलगाडी करायची ही मराठवाड्यातली जुनी कला. त्यातच कुणीतरी चाकांच्या जागी पंख लावले. भेंड ब्लेडने सरळ कापलं जातं, वजनाला काहीच नसतं आणि सालीची पट्टी वाकवली तर पंखाला हवी तशी किंचित उचलही देता येते. विमानांच्या मॉडेलसाठी जगभर वापरलं जाणारं बाल्साचं लाकूड इक्वेडोरहून येतं आणि महाग पडतं. आमच्या शेतात त्याचा गरीब चुलतभाऊ फुकट उगवत होता, फक्त तसं सांगणारं कुणी नव्हतं.

शहरांत सांगणारे होते. एनसीसीची हवाई शाखा १९५० साली मुंबई आणि कलकत्त्यात सुरू झाली. महाराष्ट्रात पुढे पुणे आणि नागपूर इथेही एअर स्क्वाड्रन आल्या. तिथल्या कॅडेटना एरोमॉडेलिंग रीतसर शिकवलं जायचं आणि त्याच्या स्पर्धाही व्हायच्या. आमच्याकडची एनसीसी म्हणजे खाकी गणवेश, परेड आणि रायफल. त्यामुळे इंजिन लावून दोरीवर विमान फिरवणाऱ्यांची परंपरा इथे रुजली नाही. रुजली ती टेबलावर ठेवायच्या प्रतिकृतींची, म्हणजे प्लास्टिकच्या किटची.

प्लास्टिकची किटं हा इंग्रजांचा शोध. १९३६ साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने अशी पहिली किटं काढली. खरा धंदा उभा केला तो एअरफिक्सने. तिचं पहिलं स्पिटफायर १९५३ साली वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला मिळत होतं. पुढे जपानच्या तामिया आणि हासेगावा या कंपन्यांनी अचूकपणाची पट्टी इतकी वर नेली की जुन्या साच्यांतली विमानं त्यांच्यापुढे ओबडधोबड वाटू लागली. सगळ्यात रुळलेलं माप १/७२. सहा फुटांना एक इंच असा हा साधा इंग्रजी हिशेब. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाच्या प्रतिकृती वापरल्या जात. मिग-२१ च्या पंखांचा सव्वासात मीटरच्या आतला पल्ला या मापात दहा सेंटिमीटरचा होतो आणि तळहातावर मावतो. या मापाची दुसरी बाजूही आहे. जोडाची फट एक मिलिमीटर राहिली, तर खऱ्या विमानावर ती सात सेंटिमीटरची भेग झाली. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस पुन्हा कधी घाईने चिकटवत नाही.

ऐंशीच्या दशकात जालन्यात किट पोचायचं ते माणसाच्या बॅगेतून. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाचे मामा सौदीला, कुणी कामासाठी मुंबईला गेलं तर क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत विचारपूस करायची. पेटी उघडली की पहिली अडचण गोंदाची. कागदावर, लाकडावर राज्य करणारा फेव्हिकॉल पॉलिस्टायरीनला धरतच नाही. किटसोबत आलेली गोंदाची ट्यूब वाटेतच वाळून गेलेली असायची. मार्ग सापडला गॅरेजमध्ये. गाड्यांच्या रंगात घालतात तो एनसी थिनर ब्रशच्या टोकाने जोडावर लावला की प्लास्टिक विरघळतं आणि दोन्ही कडा एकजीव होतात. हा जोड चिकटवलेला नसतो, वितळवून सांधलेला असतो. उरलेल्या प्लास्टिकच्या काड्या बाटलीत थिनरमध्ये टाकून ठेवल्या की दोन दिवसांत घट्ट लगदा तयार व्हायचा. फटी बुजवायला त्याहून चांगली पुट्टी आजही मला माहीत नाही. खिडक्या मात्र बंद ठेवायच्या नाहीत, डोकं भणभणतं. हे आम्हाला आईच्या बोलण्यांमुळे वेळेवर कळलं.

गॅरेजने रंगही शिकवला. परदेशी मासिकांत हम्ब्रॉलच्या छोट्या डब्यांची नावं यायची. आमच्या हाती होते कॅम्लिनचे पोस्टर कलर आणि हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट. ऑइलपेंट ब्रशने लावला की पंखावरच्या बारीक रेषा बुजून जायच्या आणि विमान पुरणात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. ट्रक आणि जीप रंगवणाऱ्या एका चाचांनी स्प्रेगनचं तोंड मिटत मिटत नेलं, दाब उतरवला आणि म्हणाले, “एक हात मोटा मारने से तीन हात पतले मार.” पहिला हात इतका विरळ की खालचं प्लास्टिक दिसत राहावं. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. यामागचं कारण नंतर समजलं. एनसी रंगातला थिनरच प्लास्टिक खातो. जाड थर ओला राहिला, तर पृष्ठभाग सुरकुततो. विरळ धुक्यासारखा मारला तर थिनर आधीच उडून जातो आणि रंग तेवढा बसतो. गाडीच्या बॉनेटसाठी घडलेला हात दहा सेंटिमीटर पंखांच्या विमानालाही तंतोतंत लागू पडला.

हवामानाचे धडे जालन्यानेच दिले. मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटी होऊन बसतो. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. त्यावर उपाय पहाटे फवारायचा, किंवा सावकाश उडणारा थिनर वापरायचा. श्रावणात उलटं. हवेतली ओल लॅकरमध्ये अडकते आणि काळ्या रंगावर पांढरी झाक चढते. दिवाळीनंतर हवा उत्तम, पण तेव्हाच जिनिंग सुरू होतात आणि कापसाचे तंतू गावभर उडतात. ओल्या पंखावर बसलेला एक तंतू १/७२ मध्ये दोरखंड दिसतो. शिवाय लोडशेडिंग होतंच. कॉम्प्रेसर चालू असताना वीज गेली तर टाकीतला दाब संपेपर्यंत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. त्यामुळे स्प्रे करायला मी अजूनही वेळापत्रक पाहून बसतो, वीज जात नसली तरी.

या छंदाची दुसरी शाळा होती ती विषयाची. खोक्यांवर चित्रं असायची स्पिटफायर, मस्टँग आणि झीरोची. ती आम्ही जोडली आणि हात बसवला. मन रमायचं मात्र आपल्या विमानांत, आणि ती खोक्यावर नसायची. १९६५ च्या युद्धात नाव झालेलं नॅट घ्या. एअरफिक्सचं नॅट मिळायचं, पण ते ब्रिटनच्या हवाई दलाचं दोन आसनी शिकाऊ विमान. भारताचं नॅट एक आसनी. मग पुढचा भाग कापायचा, काचेचं छत लहान करायचं, नाकाचा आकार लगद्याने भरून पुन्हा घासायचा. मारुतची गोष्ट तर आणखी अवघड. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळुरूत तयार झालेलं हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं आणि १९७१ च्या युद्धात लोंगेवाला भागात लढलं. जगातल्या बड्या किट कंपन्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणून मारुत करायचं तर लाकडाचा साचा कोरून त्यावर तापवलेली प्लास्टिकची पत्री ओढायची. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरं मारुत उभं आहे, पुण्याच्या कमला नेहरू उद्यानातही एक. शाळेच्या सहलीत बाकीची मुलं आरशांच्या गमतीत रमलेली असताना आमच्यातला एकजण त्या विमानाभोवती वहीत आकृत्या काढत फिरायचा.

सगळ्यात जवळचा विषय होता १९४८ चा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला मोहीम संपली. औरंगाबाद घेऊन पुढे आलेल्या तुकडीने १५ तारखेला जालन्यात गोरख्यांची एक कंपनी ठेवली आणि बाकीचे लातूरकडे वळले. घराघरांत या दिवसांच्या आठवणी होत्या, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या आणि सुटकेच्याही. या मोहिमेत हवाई दलाची हॉकर टेम्पेस्ट विमानं होती. त्यांतलं एखादं करायचं ठरवलं की अडचणी सुरू. किटं बहुतेक पाचव्या मार्कची, पुढच्या पंख्याखाली लोंबता रेडिएटर असलेली. भारताकडचं टेम्पेस्ट दुसऱ्या मार्कचं, गोल तोंडाचं, सेंटॉरस इंजिनाचं. म्हणजे नाक नव्याने घडवणं आलं. त्याहून मोठा पेच पंखावरच्या खुणेचा. हात सवयीने केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ काढायला जातो, पण ती खूण आली १९५० साली, प्रजासत्ताकाबरोबर. त्याआधी थोडा काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र होतं. खऱ्या विमानावरचं साठ सेंटिमीटरचं वर्तुळ १/७२ मध्ये साडेआठ मिलिमीटरही भरत नाही आणि त्यात आरे चोवीस. डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या पेटीत शाईचा कंपास असतो, त्याच्या चिमट्यात शाईऐवजी पातळ केलेला निळा रंग भरायचा आणि श्वास रोखून फिरवायचा. आऱ्यांसाठी एकच केस असलेला ब्रश. आधी चार आरे अधिक चिन्हासारखे, मग त्यांच्यामधल्या जागा निम्म्या करायच्या, आणि शेवटी प्रत्येक आठव्या भागाचे तीन. हा क्रम चुकला की तेविसावा आरा बसायला जागाच उरत नाही.

१९९१ नंतर आयात सैल झाली. नव्वदच्या शेवटी मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत किटं काचेमागे दिसू लागली. पुढच्या दहा-बारा वर्षांत ऑनलाइन मागवलेली पेटी थेट जालन्याच्या पत्त्यावर येऊ लागली. एअरब्रश आला, अॅक्रिलिक रंग आले, वास नसलेले, पाण्यात धुता येणारे. हे सुखाचे दिवस होते, पण त्यांत एक गंमत झाली. किटं कपाटात साठत गेली आणि जोडली कमी जाऊ लागली. सगळं मिळतंय म्हटल्यावर नाक कापून नवं घडवायची गरज कुणाला वाटेना.

ते दिवस फार टिकले नाहीत. सीमाशुल्काच्या यादीत मोजमापातल्या प्रतिकृती ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांच्याच रांगेत बसतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. स्वस्त आणि घातक चिनी खेळणी रोखणं हा हेतू रास्तच. पण पन्नाशीतल्या माणसाचं मिग-२१ आणि बाळाचा खुळखुळा यांतला फरक कस्टमच्या काउंटरवर समजावून सांगणं सोपं नसतं. किमती दुपटीकडे सरकल्या, काही विक्रेत्यांनी मागवणंच सोडलं. आणि मग थिनरच्या जुन्या बाटल्या पुन्हा बाहेर आल्या. फरक एवढाच की लाकडी साच्याची जागा आता थ्रीडी प्रिंटरने घेतली आहे. इंजिनिअरिंगची मुलं टेम्पेस्टचं नाक संगणकावर आखतात आणि रेझिनमध्ये छापतात. ते घासायचं कसं हे मात्र अजून हातानेच शिकावं लागतं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. देशाने ही विमानं आठशेहून अधिक वापरली आणि त्यांतली कित्येकशे नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. आधी एफएल, मग एम, शेवटी बिस. एफएलच्या पाठीवरचा उंचवटा बारीक, बिसचा जाडजूड, हे मॉडेल करणाऱ्याला पाहता क्षणी कळतं. बाजारातली चांगली किटं चेक कंपनीची, आणि तीही मुख्यतः रशियन अवतारांची. ओझरच्या विमानातले छोटे फरक, आतल्या भागांचा रंग, झाकणांवरची इंग्रजी अक्षरं, दुरुस्तीनंतर बदललेल्या छटा खोक्यावर येणार नाहीत. ती विमानं जुळवणारे फिटर आणि पेंटर साठी-सत्तरीत आहेत आणि नाशकात, आसपासच्या गावांत राहतात. चाचांनी आम्हाला शिकवलं ते विचारल्यावर, आपणहून नव्हे. नव्या मुलांनी पुढची पेटी मागवण्याआधी वही घेऊन या माणसांकडे जावं. किट दोन वर्षांनीही मिळेल.