खिंड उंच, रजा आखूड

बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. तिथल्या दर्शिनी उपाहारगृहांमध्ये उभ्याउभ्या कॉफी घेताना लडाखच्या खिंडी सायकलने किंवा पायी ओलांडण्याचे बेतही शिजतात. बेत चांगलाच असतो. अडचण असते ती त्याच्यासोबत पिकणाऱ्या समजुतींची. त्यांतल्या काही निव्वळ हास्यास्पद आहेत, काही जिवावर बेतणाऱ्या.

गैरसमज: उंचीवर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते.

प्रमाण तेच राहते. ते मुंबईच्या चौपाटीवर सुमारे 21 टक्के असते आणि 5,359 मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीतही तेवढेच. घटतो तो हवेचा दाब. बंगळूर सुमारे 920 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 90 टक्क्यांच्या आसपास असतो, लेहमध्ये (सुमारे 3,500 मीटर) तो 65 टक्क्यांपर्यंत उतरतो आणि खारदुंग लावर जेमतेम निम्मा उरतो. कॉम्प्रेसरचा दाब पडला की यंत्राची हवेच्या दाबावर चालणारी पकड, म्हणजे न्यूमॅटिक चक, जॉब घट्ट धरत नाही, हे पीण्यातल्या कोणत्याही ऑपरेटरला ठाऊक असते. तेव्हा हवेत भेसळ झालेली नसते, जोर कमी पडलेला असतो. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरही उंचीवर असाच कमी पडतो. शरीर त्यावर उपाय करते. श्वास खोल होतो, मूत्रपिंडे रक्तातले आम्ल-अल्कलीचे गणित नव्याने जुळवतात. पण या कामाला दिवस लागतात.

गैरसमज: बंगळूर मुळातच उंचावर आहे आणि नंदीचा चढ दर रविवारी होतोच, म्हणजे अर्धी तयारी झाली.

तयारी मांड्यांची झाली, रक्ताची नाही. नंदी हिल्स 1,478 मीटर आहे आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च कळसूबाई 1,646. उंचीचा त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणून या चढांनी शरीराला त्या विरळ हवेची ओळखच होत नाही. समजूत पटते, कारण नंदीवरही धाप लागते. पण ती धाप चढाची असते, उंचीची नव्हे.

गैरसमज: दम असलेल्या तरुणाला उंची बाधत नाही.

1962च्या चीन युद्धाच्या काळात हजारो भारतीय जवानांना सखल भागातून झपाट्याने हिमालयात न्यावे लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास उंचीच्या त्रासाने आजारी पडलेल्या अशा 1,925 सैनिकांचा होता. तंदुरुस्तीत त्यांची बरोबरी कोणता हौशी सायकलस्वार करील? पठारावर तंदुरुस्तीच सगळे ठरवते, म्हणून डोंगरातही तसेच असेल असे वाटते. प्रत्यक्षात दमदार माणूसच फसण्याची शक्यता जास्त, कारण तो लवकर वर पोचतो आणि शरीर मागे राहते.

गैरसमज: विमानाने लेहला जाणे धोक्याचे, मनालीहून सायकलने गेले की सवय आपोआप होते.

सायकल सावकाश चढते, हे खरे. पण महत्त्व दिवसभरात गाठलेल्या उंचीपेक्षा रात्री झोपण्याच्या उंचीला जास्त असते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा नियम आहे. मनालीच्या वाटेवर जिस्पाचा मुक्काम सुमारे 3,200 मीटरवर होतो, तर पुढचा लोकप्रिय तळ सरचू सुमारे 4,300 मीटरवर, म्हणजे खुद्द लेहपेक्षाही 800 मीटर उंच. एका रात्रीत एवढी उडी शरीराला पेलत नाही. दारचा, पटसेव असे मधले मुक्काम घेणाऱ्याला सायकलच्या संथपणाचा खरा फायदा मिळतो.

गैरसमज: कापूर हुंगला, लसूण चावला की ऑक्सिजन वाढतो.

कापराने नाकातल्या थंडावा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेव येतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. वाटते तेवढेच, रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. 2021च्या कोरोना लाटेत कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या फिरल्या, त्या याच भासावर. लसणाने जेवण चवदार होते, त्यापलीकडे उंचीच्या त्रासावर त्याचा भरवशाचा पुरावा नाही. कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो, हेही लक्षात असावे.

गैरसमज: वर टायर फुटतात, म्हणून आधीच हवा काढून ठेवावी.

गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. बंगळूरहून खारदुंग लापर्यंत बाहेरचा दाब सहा पीएसआयपेक्षाही कमी उतरतो, म्हणजे 40 पीएसआय भरलेला टायर फार तर 46 दाखवील. शिवाय 30 अंशांवर भरलेली हवा शून्य अंशावर आकसते आणि त्यातले पाच पीएसआय परत जातात. टायरला धोका असतो तो उतारावर. लांबलचक उतारभर रिम ब्रेक दाबून धरला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते.

गैरसमज: डायमॉक्स घेतली की लक्षणे झाकली जातात आणि धोका कळत नाही.

झाकण्याचे काम डेक्सामेथासोन नावाचे दुसरे औषध करते. त्याने बरे वाटते, पण शरीर उंचीला सरावत नाही. घोटाळा बहुधा या दोन औषधांच्या सरमिसळीतून झाला असावा. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ते मूत्रपिंडांवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकते, त्यामुळे श्वास खोल होतो आणि शरीर करतेच आहे ते काम लवकर होते. बोटांना मुंग्या येणे हा त्याचा नेहमीचा परिणाम. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच, पण इतरांनीही ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि ती गोळी म्हणजे घाई करण्याचा परवाना नव्हे.

गैरसमज: थोडे डोके दुखणारच, पुढे गेल्यावर उतरेल.

कधीकधी उतरतेही, म्हणून ही समजूत टिकून आहे. पण डोकेदुखीसोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला सूज येत असते किंवा फुप्फुसात पाणी भरत असते. अशा वेळी ताबडतोब खाली उतरायचे, रात्र असली तरी. लेहच्या दुकानातला ऑक्सिजनचा डबा काही मिनिटांत संपतो. खाली उतरण्याला तो पर्याय नाही.

यांतल्या बहुतेक समजुती रजेचा एखादा दिवस वाचवून देण्याचे आमिष दाखवतात. आठवड्याच्या रजेत लडाख बसवू पाहणाऱ्याला ते गोड वाटणे साहजिकच आहे. मात्र सकाळच्या पाळीला सीएनसी यंत्र सुरू करताना हाच माणूस स्पिंडल आधी कमी फेऱ्यांवर फिरवून घेतो आणि त्या मिनिटांना वाया गेलेला वेळ म्हणत नाही. लेहला पोचल्यावरचे पहिले दोन दिवस काहीही न करण्यासाठी आहेत. ते रजेच्या अर्जातच मोजून घ्यावेत.