भाषा एक, बोली अनेक

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. वऱ्हाडात एक बोलणे, कोकणात दुसरे, खानदेशात तिसरे. पण हे काही आपल्याकडेच असते असे नाही. आज दूरदेशीच्या दोन भाषांची हकिगत आम्ही सांगतो.

पहिली भाषा स्वाहिली. आफ्रिका खंडाच्या पूर्वेला, समुद्राकाठी ती वाढली. झांझिबारचे लोक रस्त्याला 'न्जिया' म्हणतात. मोंबासाच्या जुन्या बोलीत तोच शब्द 'न्दिया' असा आहे. मग शाळेच्या पुस्तकात छापायचे काय? तेव्हा तिथे इंग्रजांचा अंमल होता. १९२८ साली मोंबासाला सभा भरली. पुस्तकांसाठी झांझिबारची बोली घ्यावी, असे ठरले. ती बोली जास्त चांगली होती म्हणून नव्हे बरं का! मोंबासाच्या बोलीतही सुंदर जुनी कविता होती. पण व्यापाऱ्यांबरोबर झांझिबारची बोली आधीच दूरवर पोचली होती. पुढे टांझानिया देशात लाखो मोठी माणसे याच भाषेत लिहायला-वाचायला शिकली.

दुसरी भाषा कुर्दी. पहिल्या महायुद्धानंतर नव्या सीमा आखल्या गेल्या. कुर्द लोकांचा मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत वाटला गेला. त्यांच्या दोन मोठ्या बोली आहेत. उत्तरेची कुर्मांजी आणि तिच्या दक्षिणेची सोरानी. 'मी' म्हणायला कुर्मांजीत 'अझ', तर सोरानीत 'मिन'. घराला मात्र दोघीही 'माल' म्हणतात.

खरी अडचण लिहिण्याची. कुर्मांजी बहुतेक ठिकाणी इंग्रजीसारख्या अक्षरांत, डावीकडून उजवीकडे लिहितात. सोरानी लिहितात अरबी वळणाच्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. म्हणजे एकाच भाषेचे दोन भाऊ, दोघेही शिकलेले. पण एकाचे पत्र दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही! त्यातच तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दीत छापायलाच बंदी झाली. तो कायदा १९९१ साली उठला.

यातून आपण काय घ्यायचे? लिहिण्याची एक रीत असली, की एकच पुस्तक गावोगाव चालते. म्हणून आपण पुस्तकातली भाषा शिकतो. पण ती रीत माणसांनी सोयीसाठी ठरवलेली असते. तिच्यामुळे घरची बोली हलकी ठरत नाही. पुस्तकातली भाषा जरूर शिका. घरी मात्र आईची बोली खुशाल बोला. तिची लाज कशाला?