थीम पार्कसाठी मूल केवढं हवं?

थीम पार्कला नेण्याचं योग्य वय सात ते नऊ वर्षं, असं माझं मत आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका असो की १९५५ साली सुरू झालेलं कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, मोठ्या राइडच्या दारात मुलाला पट्टीपाशी ताठ उभं करून उंची पाहतात. मांडीवर येणारा दांडा अंगाला नीट बसला नाही, तर झटक्यासरशी मूल निसटू शकतं. डिस्नेलँडच्या ‘स्पेस माउंटन’ला १०२ सेंटिमीटर उंची लागते, सात वर्षांचं मूल सहसा १२०च्या आसपास पोचलेलं असतं. शिवाय ते रांगेत तग धरतं आणि भीती वाटली तर ‘मला नाही बसायचं’ असं ठामपणे सांगतं. हे सांगता येणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मग तेव्हाच का नेऊ नये, असं कुणी म्हणेल. पण त्या वयातलं मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही, आणि दुपारची झोप मोडलेलं, उन्हानं कावलेलं मूल कर्कश आवाजांनी बावरतं. आठवत नाही म्हणून त्या क्षणाचा आनंद खोटा ठरत नाही, हे मान्य. मात्र तो घराजवळच्या बागेतल्या झोपाळ्यावरही मिळतो. धाकटं भावंड सोबत असेलच, तर आईबाबांनी त्याच्यापाशी आळीपाळीनं थांबावं.