संगणकवेड्यांचे दुसरे वेड

दिवाळीत आमच्या दवाखान्यात एक निराळीच गर्दी असते. पुण्या-बंगळुरूस नोकरीला गेलेली मुले सुटीला गावी येतात आणि आया त्यांना हाताला धरून घेऊन येतात. अशाच एक परिचित वहिनी आपल्या 29 वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, याची मान बघा. आणि रात्री हात झटकत उठून बसतो."

चिरंजीव संगणकाचे प्रोग्राम लिहितात. मान आखडलेली, डोळे लाल आणि कोरडे, उजव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे यांना मुंग्या. मी विचारले, "कामावरून आल्यावर काय करतोस?"

"विशेष काही नाही, काका. माझा स्वतःचा एक प्रोग्राम चाललाय, तो लिहीत बसतो."

"आणि रविवारी?"

"रविवारी जरा जास्त वेळ मिळतो."

वाचकहो, यात त्या मुलाचे काही चुकले असे मला वाटत नाही. ज्याला आपले काम घरी येऊनही करावेसे वाटते तो भाग्यवानच. पण हे काम पगारासाठी चालले आहे की हौसेसाठी, हे मानेला कळत नाही. डोक्याचे वजन सुमारे 5 किलो. ते पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात ते यामुळे. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातला एक स्नायू सतत आवळलेला राहतो. लांब पाहिल्याशिवाय तो सैल होत नाही.

या विद्येतली मोठी माणसे फावल्या वेळात काय करीत, ते पाहिले तर गंमत वाटते. संगणकशास्त्राचा पाया घालणारे इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग हे पट्टीचे धावपटू होते. वयाच्या 13 व्या वर्षी, 1926 च्या देशव्यापी संपात आगगाड्या बंद पडल्या, तेव्हा हा मुलगा 60 मैलांहून अधिक अंतर सायकल मारीत नव्या शाळेत हजर झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर असताना जूनमध्ये त्यांना परागकणांमुळे शिंका येत. त्यावर त्यांनी काय करावे? विषारी वायूपासून बचावासाठी मिळालेला मुखवटा तोंडाला लावून ते सायकलवरून कामावर जात. वावड्याच्या रोग्यांना मी हा किस्सा नेहमी सांगतो. धुळीत निघताना नाकाला साधा रुमाल बांधायची लाज वाटते ना आपल्याला!

युद्धानंतर ते लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत संगणकाचा आराखडा करीत होते. त्याच काळात ते वॉल्टनच्या ॲथलेटिक क्लबात दाखल झाले. इतकी जिवावर उठल्यासारखी धाव कशासाठी, असे क्लबच्या सचिवांनी एकदा विचारले. काम मनाला फार ताणते आणि ते डोक्यातून बाहेर काढायला जोरात धावण्याखेरीज उपाय सापडत नाही, अशा अर्थाचे उत्तर ट्युरिंग यांनी दिल्याची नोंद आहे. 1947 साली त्यांनी मॅरेथॉन 2 तास 46 मिनिटे 3 सेकंदांत पुरी केली व पाचवा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये जो जिंकला, त्याची वेळ यापेक्षा अवघी 11 मिनिटे कमी होती. मात्र ट्युरिंग यांचा पाय दुखावला आणि पुढची मजल राहून गेली. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम 10 किलोमीटर पळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतले क्लॉड शॅनन चेंडू झेलण्याच्या कसरतीत तरबेज होते व बेल प्रयोगशाळेच्या बोळांतून एकचाकी सायकल चालवीत. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांना विमान चालवण्याचा नाद. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स समुद्रात बुड्या मारतात. (बुड्यांची नोंदवही ठेवण्यासाठी 2011 साली त्यांनी त्याचाही प्रोग्राम लिहिलाच. मूळ खोड जात नाही ती अशी.)

डोनाल्ड नुथ यांचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. प्रोग्राम लिहिण्याच्या विद्येवरचा त्यांचा ग्रंथ जगभर मानला जातो. पहिला खंड 1968 साली आला. या गृहस्थांनी घरात चक्क नळ्यांचा भलामोठा ऑर्गन बसवून घेतला आहे. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनला पाय लागत ते भाता हलवायला, इथे पायांनीही सूर वाजवायचे असतात. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय, कान आणि ताठ पाठ, सगळे कामाला लागले. त्यांनी रचलेली एक मोठी रचना 2018 साली स्वीडनमध्ये प्रथम वाजवली गेली. ई-मेल तर त्यांनी 1 जानेवारी 1990 पासूनच सोडले आहे. सर्वांना हे जमणार नाही, हे मान्य.

छंद निवडताना मी एवढेच पाहतो की कामात जो अवयव शिणतो, त्यालाच पुन्हा जुंपले जात नाही ना. घड्याळ दुरुस्ती, रेडिओची जोडणी, मण्यांचे काम, यांनी मन रमते, पण मान खालीच राहते आणि नजरही हातभर अंतरावरच. त्यापेक्षा बागेत कुदळ मारावी, टेकडी चढावी, पोहावे. पुण्यातली कितीतरी संगणकवाली मुले रविवारी सिंहगड चढतात. उत्तम आहे. फक्त आठवड्याला निदान 150 मिनिटे चालणे-फिरणे हवे ते चार-पाच दिवसांत वाटून घ्यावे. एकाच दिवशी उरकले तर गुडघे कुरकुरतात.

आता आमच्या रोग्याकडे. आईने सांगितले, "लहानपणी तबला शिकायचा हो. कपाटात पडून आहे." चिरंजीवांचा चेहरा खुलला. मी मात्र लगेच होकार दिला नाही. अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येणे याचा अर्थ बहुधा मनगटातल्या अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला जात आहे. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग सुकू लागतो, मग शर्टाची बटणेही लागत नाहीत आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. अशा मनगटावर तबल्याचे बोल नकोत. रक्तातील साखर व थायरॉइड तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. सहा आठवडे रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, दिवसा दर 20 मिनिटांनी 20 सेकंद खिडकीतून लांब पाहणे आणि रात्रीच्या प्रोग्रामऐवजी तासभर पायी फेरी, एवढे लिहून दिले.

"आणि तबला?" त्याने विचारले.

"मुंग्या थांबल्या की. तोवर पुडी बदलून ठेव."

संक्रांतीला वहिनी तिळगूळ द्यायला आल्या होत्या. मुलगा आता रात्रीचा उठत नाही म्हणाल्या. पुडी नवी बसवून आणली आहे, तबला कपाटातून बाहेरच्या खोलीत आला आहे. हात अजून लावलेला नाही. पुढच्या महिन्यात तो मनगट दाखवायला येणार आहे.